एका चमच्यातला धूर

नाकाडेबाई हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं पाण्याचा वास घेतला, चव घेतली, म्हणून कुणा गमत्याने हे नाव ठेवलं. ते असं चिकटलं की निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेल्या घड्याळावरही तेच कोरलेलं होतं.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्या महिनाभर लेकीकडे राहायला आल्या होत्या. लेक नर्स, तिला रविवारचीही ड्युटी. त्यामुळे घरात बहुतेक वेळा त्या आणि जावई असे दोघंच. जावई लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत इंजिनियर. माणूस सज्जन, पण दोघांचं बोलणं "आई, गोळी घेतली का?" आणि "घेतली हो" यापुढे कधी सरकलं नव्हतं.

शनिवारी मात्र तो दारात बराच वेळ घुटमळला.

"आई, उद्या दुपारी माझे दोन मित्र येणार आहेत. आमची बैठक असते. म्हणजे... व्हिस्कीची. धिंगाणा घालणारे नाही हं आम्ही. वेगवेगळ्या देशांतली आणतो आणि घोट घोट चाखतो."

"चाखा की. घर तुमचं आहे," नाकाडेबाई म्हणाल्या. आयुष्यात कधी थेंब न घेतलेल्या बाईने याहून जास्त काय म्हणायचं?

रविवारी जेवण झाल्यावर त्या आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडल्या. हॉलमधून हसण्याचे, काचेला काच लागल्याचे आवाज येत होते. डोळा लागणार, तेवढ्यात दाराच्या फटीतून एक वास आत आला आणि त्या ताडकन उठून बसल्या.

हा वास त्यांनी नोकरीत एकदाच घेतला होता. अठरा वर्षांपूर्वीची सकाळ. बाटलीतलं पाणी कोमट करून, हलवून, बूच काढून त्यांनी रोजच्यासारखं हुंगलं आणि लगेच पुन्हा हुंगलं. डांबर, जखमेवरचं औषध, जळकी दोरी. साहेबांना काही वास येईना, मदतनिसालाही येईना. "बाई, सर्दी झालीय तुम्हाला," असंही ऐकून घ्यावं लागलं. पण त्या हटून बसल्या आणि मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला लावला. दोन दिवस अर्धं शहर कोरडं आणि सगळ्यांच्या तोंडी त्यांच्याच नावाने शिव्या. तिसऱ्या दिवशी अहवाल आला: नदीच्या वरच्या अंगाला डांबराच्या टाक्या फुटल्या होत्या.

वॉकर खडखडवत त्या हॉलमध्ये आल्या.

"थांबा! ते पाणी कुणी पिऊ नका! नळ बंद करा आधी!"

टेबलाभोवतीचे तिघं जागच्या जागी गोठले. जावयाच्या हातातला ग्लास ओठांपासून चार बोटांवर थांबला. त्याच्या शेजारी दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. समोर एक धिप्पाड पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. जन्मभर जहाजाच्या इंजिनखोलीत काम केलेले, म्हणून त्यांना सगळे बोटवाले म्हणत.

"आई, काय झालं?"

"पाण्यात डांबर उतरलंय. आत झोपले होते तिथवर वास आला."

डॉक्टरीणबाईंनी बोटवाल्यांकडे पाहिलं, बोटवाल्यांनी हातातल्या ग्लासकडे. मग त्यांनी तो अदबीने पुढे केला.

"याचा तर नाही ना, बाई?"

खाली पोट फुगलेला, वर तोंड आवळलेला छोटा ग्लास. बाईंनी तो नाकाजवळ नेला आणि झटक्यात मागे घेतला. "हाच! फेकून द्या हो!"

"याच्यासाठी लोक वाट्टेल तेवढे पैसे मोजतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना.

जावयाने खुर्ची ओढून दिली. बोटवाल्यांनी सांगायला सुरुवात केली. स्कॉटलंडच्या पश्चिमेला एक बेट आहे, झाडं फारशी नाहीत. दलदलीत हजारो वर्षं कुजलेलं गवत दबून त्याची काळी माती होते, तिला पीट म्हणतात. ती विटांसारखी कापून वाळवतात आणि तिच्या धुरावर मोड आलेले जव सुकवतात. त्या जवाची ही दारू. "तुम्हाला येतो तो वास त्या धुराचा. मी ती माती जळताना पाहिलीय."

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम."

 ज्या वासाने नाकाडेबाईंची झोप उडवली होती, तो कुणीतरी जपून, सांभाळून, बाटलीत भरला होता! त्यांनी ग्लास परत उचलला. दुसऱ्यांदा भीती जरा बाजूला सरली आणि धुराच्या मागे काहीतरी हललं.

"पाणी घालता का यात?"

"दोन थेंब," जावई म्हणाला आणि तांब्या पुढे केला.

बाईंनी तांब्या हुंगला आणि नाक मुरडलं. "क्लोरीन. एवढ्या लांबून आणलेली वस्तू आणि त्यात हे घालता? जावईबापू, पातेलंभर पाणी झाकण न ठेवता उकळा. गार झालं की आणा. आणि मला एक रिकामं भांडं द्या. मी पीत नाही. चव घेते आणि थुंकते, प्रयोगशाळेत घ्यायचे तशी."

जावई खाली मान घालून स्वयंपाकघरात गेला. त्याच्या ऑफिसात चाळीस माणसं त्याचा शब्द झेलत. ती आत्ता बघायला नव्हती हे बरं.

पाणी गार झालं. बाईंनी त्या धुरकट व्हिस्कीचा एक चमचा मोठ्या बरणीभर पाण्यात टाकला. "वास किती खोल आहे ते असं कळतं. घ्या."

तिघांनी हुंगलं. तिघांनाही धूर आला. मग त्या बरणीतलं पेलाभर पाणी दुसऱ्या बरणीभर पाण्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेला." जावयाने डोळे मिटले, बराच वेळ तसाच राहिला आणि पुटपुटला, "आहे. पण दूर गेल्यासारखा." मग त्यातलं अर्धं आणखी तेवढ्याच पाण्यात. आता जावयालाही काही येईना. पाणी पाण्यासारखं दिसत होतं, पाण्यासारखं लागत होतं.

नाकाडेबाई बरणीवर वाकल्या. "आहे अजून. डांबर गेलं, औषध गेलं. चूल विझल्यावर राखेला येतो तेवढाच उरलाय." त्या हळूच म्हणाल्या, "एका चमच्यात केवढा हा धूर!"

मग कुणी हसेना. जावयाने बाकीचे पाच ग्लास त्यांच्यासमोर ओळीने मांडले.

आयर्लंडच्या ग्लासात त्यांना हिरवं सफरचंद कापल्यासारखं वाटलं. अमेरिकेच्या ग्लासात नव्या लाकडाचा भुसा आणि करपता करपता वाचलेली साखर. जपानच्या ग्लासाशी त्या दोनदा परत आल्या; बंद पेटी कुणीतरी किलकिली उघडावी तसा सुगंध, आणि पेटी चंदनाची. तैवानच्या ग्लासात पिकल्या आंब्यांची करंडी होती. भारतातल्या ग्लासात सुक्या खजुराचा गोडवा आणि तापलेल्या दगडावर पाणी शिंपडल्यासारखं काहीतरी. बोटवाले म्हणाले, उष्ण देशांत पिंपातली दारू लवकर मुरते, उडूनही लवकर जाते. बाईंनी मान हलवली. पाण्यातला वास उडून जाणं त्यांना रोजचं होतं.

पण सांगताना त्या अडखळत होत्या. हाताशी शब्द होते ते सगळे दोषांचे. मातकट, बुरसट, गंजका, मासळीचा.

"एकतीस वर्षं रोज एका तक्त्यात लिहीत आले," त्या म्हणाल्या. "वास: नाही. चव: नाही. 'नाही' लिहिलं की शहराने निर्धास्त पाणी प्यायचं. काहीच नाही याची खात्री करण्याची नोकरी हो ती. नाक कोरं राहावं म्हणून साबणसुद्धा बिनवासाचा वापरला. आणि इकडे जगात एवढं सगळं... आहे!"

 जावयाने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. पाच वर्षांची ओळख, आणि ही बाई काय काम करत होती हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

बोटवाल्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. त्यांनी पिशवीतून कापडात गुंडाळलेली एक बाटली काढली. तळाला दोन बोटं उरली होती.

"ही कधी दाखवली नाहीत," जावई म्हणाला.

"दाखवून काय करू?" बोटवाल्यांनी दाढीवरून हात फिरवला. "आज खरं सांगतो. मला सात-आठ वर्षांपासून वास येतच नाही. इंजिनखोलीतलं तेल आणि वाफ, नाक जळून गेलं. इथे बसून मी वाचलेलं बोलतो आणि तुम्ही माना डोलावता. ही बाटली मी आणि बायकोने त्या बेटावरच घेतली होती, लग्नानंतरच्या पहिल्या सफरीत. ती गेल्यावर उघडली. मला काही म्हणजे काही आलं नाही." त्यांनी एक बोटभर ओतून ग्लास बाईंपुढे सरकवला. "यात काय आहे, तेवढं सांगाल का?"

नाकाडेबाईंनी घाई केली नाही. ग्लास तळहातांत धरून कोमट केला. एकदाच हुंगलं.

"धूर आहे, पण म्हातारा. मऊ. त्याच्यामागे संत्र्याची साल, वाळलेली. मीठ. ओला दोर, जाड."

"धक्क्यावरचे दोर," बोटवाले म्हणाले.

"आणि आणखी एक आहे. तो मला ओळखता येत नाही." त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "कधी घेतलेलाच नाही हा वास."

बोटवाले पुढे झुकले. "आधी येतो की मागून?"

"मागून. धूर वर गेला की खालून."

"गोड?"

"मधासारखा, पण चिकट नाही. कोरडा. धूळ बसलेला मध असतो का कुठे?"

"फुलाचा की पानाचा?"

"फुलाचा. पण बागेतल्या नाही. बारीक असणार ते फूल, वाऱ्यातलं. त्याला पाणी फारसं मिळालं नसावं असं वाटतं. नाही, पाणी भरपूर, माती गरीब."

बोटवाल्यांचे डोळे भरून आले. "हेदर," ते म्हणाले. "जांभळं, मुगाच्या दाण्याएवढं फूल. अख्ख्या टेकड्या त्याने भरलेल्या असतात. आम्ही दोघं त्यातून चालत गेलो होतो, गुडघ्यापर्यंत. तिने मूठभर तोडून माझ्या नाकाला लावलं होतं. मला आठवतंय सगळं, बाई, फक्त वास आठवत नव्हता."

"धूळ बसलेला मध," नाकाडेबाईंनी पुन्हा सांगितलं, पत्ता सांगावा तसं सावकाश. "आधी कोरडा, मग गोड. शेवटी किंचित कडू."

"कडू. हो. बरोबर!"

त्यांनी डोळे मिटून ग्लास ओठाला लावला, आणि बाई पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. एकीने ते फूल कधी पाहिलं नव्हतं, दुसऱ्याला त्याचा वास घेता येत नव्हता, आणि तरी त्या हॉलमध्ये ते उमललं होतं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून हातात धरला होता.  मग बोटवाल्यांनी उरलेला घोट बाईंना दिला. थुंकायचं भांडं जवळच होतं. त्यांनी तो घोट तोंडात फिरवला, आणि गिळला.

चारच्या सुमाराला लेक ड्युटीवरून आली. दारातच थबकली. चार मोठी माणसं टेबलाभोवती निःशब्द.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही गं," जावई म्हणाला. "आईंनी आम्हाला बेटावर नेऊन आणलं."

लेकीने आईकडे पाहिलं, ओळीतल्या ग्लासांकडे पाहिलं, पुन्हा आईकडे. "आई, तू प्यायलीस?"

"एक घोट," नाकाडेबाई म्हणाल्या. "बस इथे. तुला सांगायचंय."

पाहुणे उठले. बोटवाले दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "बाई, पुढच्या महिन्यात याल ना? तुमच्या घरी गेलात तरी?"

"बस थेट आहे. पावणेदोन तास," नाकाडेबाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त सांगत जा, कुठे कुठे गेला होतात ते."

लेकीने सवयीने खिडकी उघडायला हात घातला आणि जावयाने ग्लास गोळा करायला.

"राहू द्या दोन्ही," नाकाडेबाई म्हणाल्या. रिकाम्या ग्लासांच्या तळाशी दारू सुकत चालली होती. त्यांनी जपानचा उचलला, हुंगला आणि डोळे मोठे करून जावयापुढे धरला.

"घ्या, जावईबापू. रिकामा झाल्यावर जास्त बोलतोय हा."