वरच्या टाकीची गळती

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात यास्ना कोवासिच माझ्या वर्कशॉपच्या दारात आली आणि तिने आपला ओला हातमोजा थेट माझ्या नाकाखाली धरला.

"मिस्त्री, वास घ्या."

"डिझेल. कुठे लोळून आलात, बाई?"

"ओढ्याकाठी. शेवाळात गुडघे टेकून बसले होते."

यास्ना वनस्पतींची अभ्यासक. आमच्या संशोधन केंद्राखालून वाहणाऱ्या ओढ्याकाठी हिरव्या शेवाळाचा एक पट्टा आहे, त्याच्यासाठी ती सलग सहा उन्हाळे, म्हणजे इकडचे डिसेंबर ते फेब्रुवारी, किंग जॉर्ज बेटावर आली होती. अंटार्क्टिकात हिरवं असं काही फार नसतंच. हे शेवाळ वर्षाला दोन मिलिमीटर वाढतं, म्हणून त्याच्यावर पाय ठेवायलासुद्धा बंदी. तीही फळी टाकून, तिच्यावर गुडघे टेकून मोजमाप करायची.

मी केंद्राचा नळमिस्त्री, नोल्बेर्तो बार्रिया. पंप, हीटर, पाइप माझ्याकडे. डिझेल कुठून आलं हे शोधायला मला फार डोकं लावावं लागलं नाही. ओढा वरून येतो, आणि वर दुसऱ्या देशाचं केंद्र आहे. देशाचं नाव घेत नाही, कारण टोप्याची नोकरी अजून तिथेच आहे.

टोप्या म्हणजे तिथला मेकॅनिक. त्याचं खरं नाव आमच्या जिभेला वळायचं नाही. टोपी मात्र तो जेवतानाही काढायचा नाही. आम्ही वर पोचलो तेव्हा तो मोठ्या टाकीखाली बादली धरून उकिडवा बसला होता. आम्हाला बघून त्याने खांदे पाडले.

"माझी टाकी रडतो," तो म्हणाला. आमची भाषा तो अशीच बोलायचा.

मी आडवा होऊन पाहिलं. टाकीतून पाइप निघतो तिथल्या जोडातलं गॅस्केट फुटलं होतं. थेंब टाकीच्या पोटावरून घरंगळत येई; अर्धा बादलीत, अर्धा बर्फात.

"किती दिवस?"

"दिवस नाही. दोन वर्ष मागतो गॅस्केट. थंडीत थोडा गळतो, आता पुष्कळ. जहाज मार्चमध्ये."

गॅस्केट म्हणजे रबराची चकती. माझ्याकडे त्या रबराचा अख्खा ताव होता. चकती कापायला मला अर्धा तास लागला असता. टाकी रिकामी करावी लागली असती, पण आमच्याकडची एक टाकी मोकळीच पडून होती. टोप्याचा साहेब आणि आमचा कमांडर, दोघांनी होकार दिला की दोन दिवसांत काम खलास. उतरताना मी यास्नाला तसं सांगितलंही.

कमांडर उर्रेखोलांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बस, नोल्बेर्तो. ही जमीन कुणाची?"

"आपली. शाळेत तेच शिकवलं."

"त्यांच्या शाळेत काय शिकवतात?"

"कुणाचीच नाही."

"मग आता बघ. तू परवानगी मागून गेलास, तर तिथे त्यांची सत्ता आहे असं आपण कबूल केलं. न मागता गेलास, तर ती आपली आहे असं आपण ठणकावून सांगितलं. अंटार्क्टिकाच्या कराराप्रमाणे दोन्ही भानगडी नकोत. राजधानीला विचारावं लागेल."

"आणि डिझेलला थांबायला कोण सांगणार?"

"जा आता," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी त्याच दिवशी पत्र पाठवलं.

मग सुरू झाली पत्रापत्री. आमच्या राजधानीने त्यांच्या राजधानीला कळवायचं ठरवलं. पण मसुद्यात 'विनंती' म्हणावं की 'सूचना' म्हणावं, यावर अकरा दिवस गेले. विनंती कमीपणाची वाटे, सूचना हक्काची. शेवटी 'माहितीसाठी' असं लिहून पत्र गेलं. त्याला त्यांचं उत्तर आलं, माहितीबद्दल आभार. बस्स, एवढंच.

तोवर दिवसाला चौदा लिटर गळत होतं. यास्ना रोज मोजत होती. मी टोप्याला दोन मोठ्या बादल्या नेऊन दिल्या, तर त्यासुद्धा त्याच्या साहेबाने परत पाठवल्या. परकं सामान नको म्हणे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला वादळ आलं, तीन दिवस दार उघडता येईना. चौथ्या दिवशी यास्ना ओढ्याकडे गेली आणि जेवायची वेळ टळली तरी परतली नाही, म्हणून मी शोधायला गेलो. ती फळीवर बसलेली होती. टोप्याची बादली वाऱ्याने समुद्रापर्यंत नेली होती आणि शेवाळाचा वरचा भाग चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी पडला होता.

"हे शंभर वर्षांचं असेल," ती म्हणाली. "जास्तच. करार व्हायच्या आधीचं."

मी वर्कशॉपमध्ये गेलो, लोखंडी पट्टी कापली, वाकवली, भोकं पाडली, आतून बोटीच्या इंजिनाचं जुनं रबर लावलं. टाकी रिकामी न करता जोडाभोवती आवळता येईल असा क्लॅम्प. कायमचा इलाज नव्हे, पण मार्चपर्यंत टिकला असता.

रविवारी केंद्राकेंद्रांत जेवायला जायची मुभा असते. मी एम्पनादा घेतल्या, खिमा भरलेल्या करंज्या, चांगल्या दोन डझन. त्यांच्याखाली क्लॅम्प. साहेब मंडळी खाण्यात गुंतली, तसे टोप्या आणि मी 'सिगारेट ओढायला' बाहेर सटकलो. वीस मिनिटं लागली. शेवटचा बोल्ट आवळला आणि आम्ही दोघं टाकीखाली पडून वाट बघत राहिलो. थेंब नाही. टोप्याने त्या दिवशी पहिल्यांदा टोपी काढली. आत डोकं साफ टकलं होतं.

संध्याकाळी यास्नाने विचारलं, "गळती शून्यावर आलीये. अहवालात काय लिहू?"

"लिहा, देव पावला."

"मी शास्त्रज्ञ आहे, पाद्री नाही."

"बाई, गप्प बसलात तर कुणाचं काय बिघडतं?"

"एक आकडा मी लपवला ना मिस्त्री, की माझे सहा वर्षांचे सगळे आकडे खोटे. मग म्हणतील, शेवाळही हिनेच मारलं."

"मग लिहा! घाला माझ्या नोकरीवर पाणी!"

आम्ही जोरजोरात भांडलो. स्वयंपाकी मधे पडला. तिने खरं तेच लिहिलं, क्लॅम्पसकट, आणि मी तिच्याशी नऊ दिवस बोललो नाही.

तोवर अहवाल टोप्याच्या साहेबापर्यंत पोचला. दहाव्या दिवशी टोप्या खाली आला. हातात खोकं, डोळे लाल. खोक्यात माझा क्लॅम्प होता, पुसून स्वच्छ केलेला, आणि सोबत एक पत्र. परक्या देशाचं बेकायदा बसवलेलं उपकरण सन्मानपूर्वक परत करीत आहोत.

"मला काढायला लावला," टोप्या म्हणाला. "माझ्या हाताने. साहेब उभा."

"आणि टाकी?"

"रडतो."

कमांडरांनी मला पोच लिहून द्यायला लावली. क्लॅम्प एक, बोल्ट चार, मिळाले. मी सही केली. मला ताकीद मिळाली, तशीच टोप्याला मिळाली. दोन्ही राजधान्यांचं एवढ्या एका गोष्टीवर मात्र चटकन एकमत झालं.

मार्चमध्ये जहाज आलं. गॅस्केटं आली, पण मापाने लहान. टोप्याने दोन जोडून कसंबसं बसवलं. तोवर शेवाळाचा निम्मा पट्टा गेला होता.

मे महिन्यात करारातल्या देशांची वार्षिक सभा भरली. यास्नाचा कागद तिथे गेला आणि तिलाही शेवटच्या रांगेत बसायला मिळालं. तिने तिथूनच मला पुंता अरेनासला, माझ्या घरी, फोन केला. मी बटाटे सोलत होतो.

"चार मिनिटं मिळाली, मिस्त्री."

"मग? काय म्हणाले?"

"त्यांचा प्रतिनिधी म्हणाला, विषय तपासला जातोय. अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय? कुणी बोललं नाही. मग लिहिलं, सभेने नोंद घेतली."

"आपला माणूस तरी?"

"तोही नाही. त्याला दुपारी दुसऱ्या विषयात त्यांचं मत हवं होतं."

"आणि नुकसान कुणी भरायचं?"

"त्याचा नियम आहे. वीस वर्षांपूर्वीच तयार झालाय. सगळ्यांची मंजुरी आली की लागू होईल."

मी एक घाणेरडी शिवी दिली. ती हसली.

"तुमच्यावर चिडलो होतो बाई, ते चुकलं," मी म्हणालो. "तुम्ही लिहिलं नसतं तर एवढी नोंदसुद्धा झाली नसती."

"क्लॅम्प असता, मिस्त्री," ती म्हणाली. "मी रोज तोच विचार करते. क्लॅम्प असता."



ऑगस्टमध्ये पुढच्या उन्हाळ्याचे अर्ज निघाले. बायको म्हणाली, नको भरू, अपमान करून घ्यायची हौस आहे का. मी भरला. या वर्षी शेवटच्या पानावर एक नवा प्रश्न होता: अन्य देशाच्या मालमत्तेला आपण कधी हात लावला आहे काय? मी 'हो' वर खूण केली. खाली कारणासाठी एकच ओळ सोडली होती. मी लिहिलं, 'गळत होतं.'