एकाच रेडिओसाठी जाहिरात

रेडिओ चालू आहे म्हणजे माणूस ऐकतोय, असं नसतं. हे वाक्य मी दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या जाहिरातदाराच्या गळी उतरवते. न्हाव्याच्या दुकानात रेडिओ दिवसभर ओरडत असतो आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक घोरत असतं. कुणी गाणी लावून बाजारात निघून जातं. आमचं स्टेशन इंटरनेटवरचं, त्यामुळे कुठल्या गावात कुठल्या बनावटीचा संच चालू आहे ते माझ्या पडद्यावर नकाशात दिसतं. पण तो पडदा भोळा आहे. पेटलेला प्रत्येक ठिपका त्याच्या लेखी एक श्रोता.

आमच्या मालकांना हा भोळेपणा फार आवडतो. आकडा फुगला की तेही फुगतात. त्यांच्या आवाजामुळे आम्ही त्यांना भोंगा म्हणतो, अर्थात पाठीमागे. "अहो बाई, पडदा आठशे म्हणतोय तर तुम्ही पण आठशे म्हणा की! तुमच्या बापाचं काय जातंय?" असं ते ओरडतात, आणि मी जाहिरातदाराला खरा आकडा सांगते. खरा आकडा काढायचा तर हात मोजावा लागतो. संच कुणीतरी बंद करतं, पुन्हा लावतं, आणि त्याला हात लागतो. जिथे हात फिरतो तिथे माणूस असतो. एवढीच माझी विद्या.

त्या नकाशावरचा एक ठिपका माझा आहे, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. लांबच्या गावात, लाकडी खोक्याचा, पण इंटरनेटवर चालणारा जुना संच. तशा बनावटीचा दुसरा संच आमच्या सगळ्या श्रोत्यांत नाही, त्यामुळे तो चुकणं शक्य नाही. मी ही नोकरी पगारासाठी धरली असं भोंग्याला वाटतं. मी ती त्या ठिपक्यासाठी धरली.

नवरा कुलुपवाला. किल्ल्या बनवतो, कुलुपं दुरुस्त करतो. पुढे दुकान, मागे घर. पोरीला घेऊन या शहरात आले तेव्हा मी खोलीसाठी चांगलं जाडजूड कुलूप विकत घेतलं, आणि ते हातात धरून मला हसू आलं. असली कुलुपं तो गाणं गुणगुणत उघडतो. तेव्हापासून माझा भरवसा ठिपक्यावर. सकाळी तो पेटला की मी पोरीला शाळेत सोडते. दुपारी जेवायला बंद, जेवण झालं की चालू, संध्याकाळी दुकान मिटताना बंद. हात फिरतोय म्हणजे तो तिथेच आहे, आणि आम्ही दोघी आणखी एक दिवस जिवंत आहोत.

गाण्यांचं त्याला वेड. आणि जाहिरात लागली की त्याचा हात सुटायचा. गाणं मध्येच तोडलं की डोक्यात तिडीक जायची आणि जवळ असेल त्याच्यावर ती निघायची. जवळ एक तर मी असायचे नाहीतर सासूबाई. टूथपेस्टच्या जाहिरातीत माझा पुढचा दात पडला. विम्याच्या जाहिरातीत सासूबाईंचं डावं मनगट मोडलं. आमच्या निवेदिका ताईला हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती फिसकन हसली आणि मग तोंडावर हात दाबून रडली. मी म्हटलं, हस गं, मलाही येतं कधी कधी.

बाहेर जाताना तो शटर ओढून बाहेरून कुलूप घालायचा. घरात फोन नाही. मागचं दार आतूनसुद्धा किल्लीशिवाय उघडत नाही. त्याच्याच कानशीने, त्याच्याच भंगारातल्या पत्र्यातून मी त्या दाराच्या दोन किल्ल्या घासल्या, एक मला आणि एक सासूबाईंना. माझी मुठीत होती. दुसरी लपवली, पण कुठे ते सांगायचं राहून गेलं, कारण त्या दिवशी तो पुढे दुकानात गिऱ्हाइकात अडकला आणि संधी अचानक आली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तू पोरीला घे आणि जा. मी पुढे जाऊन रेडिओ मोठा करते." त्या रेडिओला हात लावायची आम्हाला बंदी होती. गाणं एकदम मोठं झालं, त्यात दाराचा आवाज बुडाला, आणि मी पळाले. त्या हात लावण्याची त्यांना काय शिक्षा मिळाली ते मला आजही विचारवत नाही.

म्हणून नोकरी लागताच मी पहिलं काम केलं ते हे, की त्या एका संचाला कधीही जाहिरात लागणार नाही असं करून ठेवलं. बाकी जगाला जाहिराती, त्याला सलग गाणी. गाणं तुटलं नाही तर तो स्टेशन बदलणार नाही, आणि ठिपका मला दिसत राहील. शिवाय म्हातारीचं दुसरं मनगट अजून शाबूत होतं, ते तसंच राहावं.

त्या दिवशी ठिपका सकाळी पेटला, जेवणाला विझला, पुन्हा पेटला. सगळं नेहमीसारखं. ताई काचेच्या खोलीत माइकसमोर होती. भोंगा फोनवर कुणाला तरी आठशेच्या गोष्टी सांगत होता. माझ्या मागे दाराच्या कुलपात काहीतरी हलकेच फिरलं. किल्ली नव्हती ती. तो आवाज मी बारा वर्षं ऐकलाय.

मी आधी पडद्याकडे पाहिलं. ठिपका पेटलेला होता. मग मागे वळून पाहिलं. दारात तो उभा होता.

"न्हाव्याकडे बसलो होतो," तो म्हणाला, जणू कालचंच बोलणं पुढे चालू होतं. "हेच स्टेशन. अर्धी दाढी होईस्तोवर चार जाहिराती. घरी आलो, माझ्या रेडिओवर एक नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हटलं, जगात माझ्यावर इतकी माया कोणाची?"

भोंगा उठला. "ओ मिस्टर, कोण तुम्ही? आत कसे आलात?" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ठोसा त्याच्या नाकावर बसला. एवढा गलेलठ्ठ माणूस खुर्चीसकट मागे कोसळला आणि पाण्याचं पिंप त्याच्यावर आडवं झालं. सगळ्या फरशीवर पाणी आणि त्यात त्याचं रक्त.

नवऱ्याने माझा उजवा हात मनगटापाशी धरला आणि टेबलावर दाबला. "पोरगी कुठल्या शाळेत आहे?"

मी हात ओढून पाहिला, सुटला नाही.

त्याने माझी करंगळी धरली आणि उलटी वाकवली. मोडताना तिचा आवाज झाला. मी किंचाळले ते आवरता आलं नाही, पण शाळेचं नाव तोंडातून निघालं नाही. "अजून चार आहेत," तो म्हणाला. "आणि मग दुसरा हात. मला घाई नाही." दुसरं बोट त्याने धरलं. काचेपलीकडे ताई उभी राहिली होती, तोंड उघडं, आमच्या खोलीतल्या स्पीकरवर गाणं चालूच. दुसरं बोट मोडलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खरं सांगते, जीभ सैल व्हायला लागली. शाळेच्या नावाचं पहिलं अक्षर ओठांवर आलं. माझीच मला इतकी शिसारी आली की त्या रागाने मी शुद्धीवर आले.

डावा हात मोकळा होता. माझ्या टेबलावर एक बटण आहे, ते दाबलं की गाणं तोडून जाहिरात सुरू होते. मी ते दाबलं.

भिंतीवरच्या स्पीकरमधून गादीची जाहिरात फुटली. दोन बायका, एक बाळ आणि ढोलकं, सगळे एकदम. गाणं मध्येच तुटलं आणि त्याच्या चेहऱ्यावर मला पाठ असलेली ती तिडीक आली. माझा हात त्याच्या पकडीत होता, शाळा माझ्या तोंडात होती, आणि हा माणूस ते सगळं सोडून भिंतीवरच्या स्पीकरवर धावून गेला! दोन्ही मुठींनी तो जाळी बुकलत होता, बोटांची सालं निघत होती.

जुन्या माइकचा स्टँड कोपऱ्यात पडून असतो. त्याची बैठक ओतीव लोखंडाची. डाव्या हाताने मी तो उचलला. इतका जड आहे हे मला माहीत नव्हतं. पहिला घाव गुडघ्यामागे बसला. तो खाली आला. दुसरा त्याच्या उजव्या हातावर, ज्या हाताने तो कुलुपं उघडतो त्यावर. हाड मोडलेलं हाताला कळतं.

"सोड," तो म्हणाला. "ए, मी नवरा आहे तुझा."

"शाळेचं नाव विचार ना," मी म्हटलं. "विचार की आता! तोंड गेलं का तुझं?" बारा वर्षं त्याला अहो-जाहो केलं होतं. तिसरा घाव घातला तो त्या बारा वर्षांचा होता, आणि त्याचा मला आनंद झाला. झाला तर झाला. चौथ्यासाठी उचलला तेव्हा ताईने मागून मला कवेत धरलं. "बास गं, बास. मरेल, आणि मग पोरीला कोण?" त्या एका शब्दावर मी स्टँड खाली टाकला.

ताईने आणि भोंग्याने मिळून माइकच्या वायरने त्याचे पाय बांधले. भोंग्याच्या दोन्ही नाकपुड्यांत कागदी रुमालाचे बोळे होते आणि तो आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलत होता.

पोलीस आले, त्याला घेऊन गेले. मी त्यांना सांगितलं की तिकडे एक म्हातारी बाई कोंडलेली असणार, आत्ता कुणाला तरी पाठवा. एकजण म्हणाला, "तिकडच्या ठाण्याला कळवतो. उद्या बघतील." उद्या! मोडक्या मनगटाच्या बाईला उद्या म्हणजे काय ते त्याला काय ठाऊक. ताई मला दवाखान्यात चल म्हणत होती. मी जागची हलले नाही, कारण ठिपका अजून पेटलेला होता.

तो इथे, मग दुपारी तिकडे हात कुणाचा फिरला? मी दिवसाच्या नोंदी मागे सरकवून पाहिल्या आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. बंद आणि चालू, दोन्ही मिनिटाला बरोबर. तो स्वतः कधीच इतका वेळेवर नव्हता. गप्पांत रमला की जेवण लांबायचं. वेळेवर असायचो सासूबाई आणि मी. मिनिट चुकलं की मार. आपल्या रेडिओवर कुणाची तरी नजर आहे हे त्याने ओळखलं होतं, म्हणून शटर बाहेरून लावून जाताना त्याने म्हातारीला बजावलं असणार, मी करतो तसंच करायचं. माझ्या सगळ्या विद्येने सासूबाईंची भीती मोजली आणि तिला नवरा समजली.

मी त्या संचावरची जाहिरातबंदी उठवली. नवी जाहिरात उघडली. कुठल्या गावात? ते गाव. कुठल्या बनावटीच्या संचावर? तो लाकडी खोका. पडद्याने अपेक्षित श्रोते दाखवले, एक.

"एका माणसासाठी जाहिरात?" भोंगा नाकातून म्हणाला. "अहो बाई, अशी कुणी देतं का?" मग माझी बोटं पाहून त्यानेच माइक माझ्या तोंडाशी धरला.

इतके दिवस मी माझा आवाज रेडिओवर जाऊ दिला नव्हता. आता बोलले.

"आई, मी बोलतेय. घाबरू नका, तो आमच्या इथे पकडला गेलाय, हात मोडलाय त्याचा, येत नाही आता. नीट ऐका. आतल्या खोलीतलं कपाट डुगडुगतं म्हणून मागच्या पायाखाली कापडाची घडी घातलीय ना? त्या घडीत मागच्या दाराची किल्ली आहे. तुमच्यासाठीच केलेली. हाताने नाही, खांद्याने रेटा कपाट. रेडिओ राहू द्या तसाच. बंद करायला थांबू नका. बसथांब्यावर जाऊन बसा, मी तुम्हाला न्यायला येते."

गाणं संपलं आणि ती जाहिरात त्या एका खोक्यात गेली. ताईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही तिघं पडद्यासमोर बसून राहिलो.

दुकान मिटायची वेळ झाली. त्या घरात ही वेळ कधी टळत नाही. ठिपका पेटलेलाच होता. आणखी थोडा वेळ गेला, तरी पेटलेला.

"बघा, ऐकतायत अजून!" भोंगा म्हणाला.

"रेडिओ चालू आहे म्हणजे माणूस ऐकतोय, असं नसतं," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

बोटांना फळी बांधून, पोरीला मांडीवर घेऊन मी सकाळच्या बसमध्ये होते तेव्हा तिकडच्या ठाण्याचा फोन आला. माणूस वैतागलेला होता. उगाच शटर फोडायला लावलंत म्हणाला, आत चिटपाखरू नाही. रेडिओ तेवढा मोठमोठ्याने गात होता, मागचं दार सताड उघडं होतं, आणि आतल्या खोलीतलं कपाट एका बाजूला कललेलं होतं.