चौदाव्या वर्षीचं हसू

बुटकीनं फोल्डरची नाडी सोडली, वरचं चित्र अर्धंच बाहेर ओढलं आणि ती थांबली.

"आत्या, हे कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? तुझंच की. बाराव्या वर्षीचं."

कला महाविद्यालयाच्या व्हरांड्यात दोघी बाकावर बसल्या होत्या. आत गेलेला मुलगा बाहेर आला की हिचा नंबर. बुटकी आता घरात सगळ्यांत उंच, पण नाव चिकटलं ते चिकटलं. बारा ते अठरा, दर वाढदिवसाला आरशासमोर बसून तिनं स्वतःचं एकेक चित्र काढलं होतं. तीच सात चित्रं प्रवेशासाठी दाखवायची, पोर कशी मोठी झाली ते पोरीच्या हातानंच सांगायचं, ही कल्पनाही तिचीच. आधीची सहा आत्याच्या चित्रकलेच्या वर्गातल्या कपाटात होती. "मी कार्डावर चिकटवून आणते, तू सातव्याचं बघ," आत्या म्हणाली, आणि बुटकीनं डोळे झाकून होकार दिला.

बाराव्या वर्षी तिनं डावा डोळा कपाळावर चढवला होता, कान पार जबड्यापाशी उतरवला होता. आता दोन्ही डोळे एका रेषेत, कान जागच्या जागी. तेराव्या वर्षीच्या मुरमांचा पत्ताच नव्हता. तिनं घाईघाईनं चौदाव्या वर्षीचं बाहेर ओढलं. त्या वाढदिवसाच्या आठवड्यात बाबा, म्हणजे आत्याचा सख्खा भाऊ, घर सोडून गेले होते. पेन्सिल अशी दाबली गेली होती की हनुवटीपाशी कागदच फाटला होता. ती फट आता मागून चिकटवून, वरून छाया देऊन साफ बुजवली होती. आणि ओठांवर हसू होतं.

"तू खोडलंस?" तिचा आवाज चिरकला. "वर्गात कुणाला खोडरबरसुद्धा आणू देत नाहीस तू!"

"अगं, जरा हात फिरवला. आतली माणसं काय तुझे वाकडे कान बघायला बसलीत? आणि तो फाटका कागद... घरातलं कशाला चारचौघांत?"

"तेव्हा छान आलंय म्हणाली होतीस. प्रत्येक चित्राला म्हणाली होतीस."

"मग बारा वर्षांच्या पोरीला काय सांगायचं असतं?" आत्या हसली आणि कार्डाचा कोपरा बोटानं पुसू लागली.

बुटकीला रडू आलं नाही, संताप आला. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते तिला आज कळलं. बाबा निदान सांगून गेले होते.

आत परीक्षक बाईंनी सातही चित्रं टेबलावर ओळीनं मांडली. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला.

"बाराव्या वर्षी एवढा तयार हात?" मग त्यांनी अठराव्यावर बोट ठेवलं. "आणि इथे हा कच्चा? हे उलटं कसं? सगळी तुझीच ना?"

हो म्हणायला कितीसा वेळ लागला असता? फॉर्मवर तशी सहीही होती.

"नाही," बुटकी म्हणाली. "हे शेवटचं माझं. बाकीची आत्याची."

बाईंनी आवाज चढवला नाही. सहा चित्रं गोळा करून फोल्डरमध्ये घातली, सातवं जरा वेळ पाहिलं.

"एका चित्रावर प्रवेश देता येत नाही, बाळा. पुढच्या वर्षी ये. नवीन काढून आण."

"बारावं वर्ष आता कुठून आणू?"

बाईंनी सातवं चित्रही तिच्या हातात दिलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

बाहेर आत्या उभीच होती.

"काय म्हणाल्या? सांग ना लवकर, जीव टांगणीला लागलाय माझा."

आत्याच्या नखांत अजून पेन्सिलीचं काळं होतं. सहा चित्रं म्हणजे चार-पाच दिवस तरी मान मोडून बसली असणार. एका वाक्यात तिचं तोंड उतरवता आलं असतं. ते वाक्य बुटकीच्या ओठांपर्यंत आलंही.

"छान आहेत म्हणाल्या."

"बघ! सांगत नव्हते?" आत्यानं तिच्या पाठीवर थाप मारली. "सगळ्यांत कुठलं आवडलं गं त्यांना?"

"चौदाव्या वर्षीचं," बुटकी म्हणाली, आणि फोल्डर आत्याच्या हातात देऊन पुढे चालू लागली.