मुंगीचं गणित मी पुसलं नाही

मित्रांनो, मी सातवीच्या वर्गातला एक जुना डस्टर आहे. सुताराने माझी लाकडी पाठ तासली, पोटाशी जाड लोकरी पट्ट्या चिकटवल्या आणि मी शाळेत आलो. एकदा फिरवला की फळा लख्ख करतो, म्हणून माझं फार कौतुक व्हायचं. आता माझ्या पट्ट्या विरल्या आहेत, पण सांगायचं ते सांगितल्याशिवाय मी काही अडगळीत जाणार नाही.

तेव्हा गणिताला एक सर होते. मनाने वाईट नव्हते, पण सदा घाईत. मुलांचा एखादा आकडा चुकला, की गणित पुरं व्हायच्या आत ते मला उचलत आणि सगळं साफ करत. वर म्हणत, "एवढंही जमत नाही? बस खाली." मग मुलंही शहाणी झाली. फळ्यापाशी येतानाच मला डाव्या हातात धरू लागली. सरांनी पुसण्याआधी आपणच पुसलेलं बरं.

त्यांतली एक मुलगी इतके बारीक आकडे काढायची, की सगळे तिला मुंगी म्हणत. दिसलंच नाही तर चुकलं कोण म्हणणार? गणिताचा तास आला की ती पुढच्या मुलीच्या पाठीआड सरकायची. आपल्याला गणित कधीच येणार नाही, असं तिने आईलाही सांगून टाकलं होतं. आईचं म्हणणं एवढंच, की एक तरी गणित फळ्यावर शेवटपर्यंत सोडवून ये, मग बोल.

पुढे सरांची बदली झाली आणि नव्या बाई आल्या. त्यांनी मुंगीला बोलावलं. तीन चतुर्थांश अधिक एक षष्ठांश. तिने वरचे आकडे मिळवले, खालचेही मिळवले आणि चार दशांश लिहिलं. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मुंग्या वारुळाबाहेर आल्या." वर्ग हसला. मुंगीने लगेच मला उचललं.

बाईंनी मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि कपाटावर ठेवलं.

"पुसू नकोस. पाऊण बाटली पाणी आहे. त्यात आणखी ओतलंस. आता अर्ध्या बाटलीपेक्षा कमी होईल?"

मुंगी फळ्याकडे बघत राहिली. मागचा मुलगा उत्तर सांगू लागला, तशी ती वळली.

"तू गप्प बस. माझं मी सोडवते."

तिने शेजारी पुन्हा मांडलं, या वेळी मोठ्या आकड्यांत. खाली दोन्हीकडे बारा आणले. नऊ आणि दोन, अकरा. अकरा छेद बारा. मधे एकदा अडली, तेव्हा बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. घंटा झाली तरी मुंगी हलली नाही. उत्तराखाली तिने रेघ ओढली, तेव्हाच खडू ठेवला.

मित्रांनो, मला रोज वापरा, अधूनमधून खिडकीबाहेर झटका. पण कोणी फळ्यापाशी अडून विचार करत असेल, तर मला खाली ठेवा. गुरुजनहो, तुम्हीसुद्धा. चुकलेलं गणित मी केव्हाही पुसू शकतो. मुलाच्या मनात बसलेली भीती पुसायला माझ्या पट्ट्या पुरत नाहीत.