पारव्याचं पीस

बाबूभाईंना दिवाळीच्या आसपास लकवा मारला. मूल गावच्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. तिथंच ते मशीनवरून कलंडले आणि उजवं अंग गेलं. जीभही जड झाली. घराच्या स्लॅबवरच्या ढाबळीत त्यांनी कबुतरं पाळली होती, राइस मिलच्या कण्यांवर वाढलेले साधे राखी पारवे. खाट खालच्या खोलीत लावल्यापासून बाबूभाईंना ते दिसत नव्हते, फक्त त्यांचं घुमणं ऐकू यायचं. दुकान आता मुलगा रईस बघायचा. बाबूभाईंचं सगळं सून रुबीना करायची.

दर शुक्रवारी त्यांना वाटीभर शोरबा मिळायचा. काळपट, मिऱ्यांनी तिखटजाळ. गावरान कोंबडीचा आहे, असं रुबीना सांगायची. हाडं काढलेली असायची.

अशाच एका शुक्रवारी सकाळी वाऱ्यानं जिन्यावरून एक पीस खाली आलं आणि खाटेपाशी अडकलं. बाबूभाईंनी ते डाव्या हातानं उचललं. रुबीनानं पाहिलं.

"घारीचं असन, अब्बा. टाका ते."

घारीचं पीस तपकिरी असतं, वीतभराहून लांब. कावळ्याचं सगळंच काळं, होल्याचं मातकट आणि इवलंसं. हे राखी होतं, त्यावर काळा पट्टा होता आणि दांडीच्या एका बाजूला अरुंद, दुसऱ्या बाजूला रुंद होतं. पारव्याच्या पंखातलंच. त्यात नवल नव्हतं, पारव्यांची पिसं झडतातच. पण आपोआप झडलेल्या पिसाची नळी कोरडी, स्वच्छ असते. याच्या नळीला कातडीचा कपटा चिकटला होता आणि त्यावर रक्त सुकलं होतं. मांजरानं धरलं असतं तर पीस चावून मोडलं असतं. हे अखंड होतं. कुणीतरी बोटांनी उपटलं होतं.

स्वयंपाकघरातून मिऱ्यांचा वास येत होता.

रईस जेवायला आला तेव्हा बाबूभाईंनी पीस त्याच्यापुढे धरलं. 'कबुतर' एवढा शब्द काढायला त्यांना बराच वेळ लागला. रईसनं नाकारलं नाही. शेजारच्या गिरजाबाईंनी सांगितलं होतं, लकव्यावर कबुतराच्या शोरब्यासारखं दुसरं औषध नाही.

"सांगितलं असतं तर खाल्लं असतं का तुमी?" तो म्हणाला. "बोटं हालून राह्यली ना आता? कशानं हालली मंग?"

बोटं हलत होती, हे खरं. दवाखान्यात शिकवलेला व्यायाम रुबीना रोज करून घ्यायची. त्याचं नाव कुणी घेतलं नाही.

बाबूभाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. रईसनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि चांगला हात गुडघ्याखाली दाबून धरला. रुबीनानं नाक दाबलं. श्वासासाठी तोंड उघडलं तसा चमचा आत गेला. रईसच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण गुडघा त्यानं हलवला नाही. वाटी संपल्यावर रुबीनानं त्यांची हनुवटी पदरानं पुसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाजारात गेली आणि बाबूभाई खाटेवरून खाली घसरले. जिना ते बसूनच चढले, डाव्या हातानं अंग एकेका पायरीवर ओढत. कोपर सोललं, लुंगी ओली झाली. वर पोचल्यावर त्यांनी ढाबळीची कडी काढली. थोडेच पारवे उरले होते. ते बाहेर आले आणि सवयीनं त्यांच्या खांद्यावर, मांडीवर चढून कण्या शोधू लागले.

बाबूभाईंनी त्यांना हुसकलं. पारवे फडफडले, वीतभर उठले आणि परत सिमेंटवर आदळले. उडून जाऊ नयेत म्हणून रईसनं प्रत्येकाच्या एका पंखाची पिसं कापून टाकली होती. तरी बाबूभाई हुसकत राहिले. एक मादी कठड्यावर चढली आणि तिथून खाली गेली. गल्लीत कुत्री झोंबली, त्याचा आवाज वर आला. मग बाबूभाई उरलेल्यांना हातानं परत ढाबळीत ढकलू लागले. पारवे आत जाईनात, बाबूभाईंनाही एका हातानं ते जमेना.

रईसला ते तिथं सापडले. आधी तो घाबरला. मग त्यानं जिन्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. त्यानं खाली हाका मारल्या. रुबीना आली, गिरजाबाई आल्या. अब्बा एकटे जिना चढले, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. गुण आला, म्हणत गिरजाबाईंनी डोळे पुसले. बाबूभाई काहीतरी म्हणू पाहत होते, पण शब्द बाहेर येईपर्यंत कुणी थांबलं नाही.

रईसनं पारवे गोळा करून टोपलीखाली झाकले.

"आठवड्यातून एकदा कमीच पडून राह्यलं होतं," तो रुबीनाला म्हणाला. "आता रोज देऊ."

त्या संध्याकाळी नाक दाबावं लागलं नाही. चमचा जवळ आला तसं बाबूभाईंनी आपणहून तोंड उघडलं.