इमर्जन्सीतलं नवं दार

आमलीतल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आजवर नुसता पडदा होता. पडद्याआड बाई, पडद्यापाशी नवरा कान लावून. मग बोलणार कोण? डॉ. प्राजक्तांनी भांडून ड्रेसिंगच्या खोलीला दार बसवून घेतलं. नियमही केला: मार लागलेली बाई तपासायला एकटीच आत येणार. आज पहिला दिवस! सिस्टर अलका सकाळपासून लग्नघरच्या करवलीसारखी मिरवत होती.

दुपारी सोनम आली. डोळा सुजलेला, मनगट छातीशी धरलेलं. सोबत नवरा स्वप्नील, राखोलीच्या कारखान्यातला कामगार.

"नाव काय गं ताई?" अलकानं विचारलं.

"सोनम," स्वप्नील म्हणाला.

"कुठं दुखतंय?"

"हात. बाथरूममा पडनी ती."

"दादा, हात तुमचा दुखतोय का? नाही ना? मग बसा बाकावर."

"मी नवरा शे तिना!"

"असाल हो! पण नियम देवालाही चुकला नाही." अलका म्हणाली. वॉचमन रघुनाथनं त्याला बाक दाखवला.

दार लागलं. डॉ. प्राजक्तांनी मनगट अलगद तपासलं नि सरळ विचारलं, "सोनम, हे कुणी केलं? त्याला इथलं ऐकू जात नाही."

सोनमनं मान खाली घातली.

अलकाच्या जिभेवर शब्द दाटले: घाबरू नको, पांडुरंग आहे... पण टोकरखाड्याच्या देवळात एकही कीर्तन ती चुकवत नसे. बुवा सवाल टाकून थांबले की मृदंगही थांबतो. मध्येच कुणी टाळ वाजवला की रंग गेलाच! तिनं ओठ घट्ट मिटले. नाम मनातल्या मनात.

दारावर थाप पडली. "किती टाइम?"

सोनमनं दाराकडे पाहिलं. कडी लागलेली होती.

"त्यानी मारं माले," ती म्हणाली. आणि मग थांबेचना! पट्ट्यानं मारलं, आज तर गळाच धरला. डॉक्टरांनी लगेच गळ्यावरच्या खुणा पाहिल्या. "गिळताना दुखतं? श्वास लागतो? आज तुला इथंच ठेवते. पुढं तुला काय हवंय?"

"माले घर जानं नही. बहीण शे वापीले, रूपाली. तिले फोन लावा."

सोनमनं सांगितलेला नंबर अलकानं आनंदाच्या भरात दोनदा चुकीचा लावला. तिसऱ्यांदा पलीकडून आवाज आला, "तिले तठेच ठेवा, मी येस!"

डॉक्टर बाहेर गेल्या. "पेशंट ॲडमिट आहे. आज भेट नाही." स्वप्नील ओरडला, रघुनाथ दारासमोर आडवा उभा राहिला.

आत सोनमनं ते ओरडणं ऐकलं. ती उठली नाही. मनगट तिनं अलकापुढं धरलं.

"बांधा ताई. बहीण येस तोवर व्हई जाई."