शेळीला कुणी लिफ्ट देत नाही

बसा

देविदासला बसवत नव्हतं, आणि त्याचा धंदाच बसायचा. जीप. किल्लारी ते लातूर, लातूर ते किल्लारी. औसा येईपर्यंत कमरेतली कळ उजव्या पायात उतरायची. ब्रेक दाबला की दातही दाबले जायचे. कैक वर्षं हेच. गोळी घेतली की कळ झोपायची, पोट जागं व्हायचं. उशिरा जेवण, त्यावर मोबाईल, मग तळमळ.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी कमरेचा फोटो उजेडात धरला. ऑपरेशन नको, म्हणाल्या. गाडी तूर्त बंद. रोजची गोळी बंद. पुढे जे सांगितलं ते देविदासला औषध वाटेना. दिवस मावळायच्या आत हलकं जेवण. ठरल्या वेळी झोप. सकाळ-संध्याकाळ चालायचं, पण सावकाश.

"दिवाळीनंतर बघू."

दिवाळीचंच गुरुलिंगही बोलला होता. गुरुलिंग म्हणजे स्टँडवरचा दुसरा जीपवाला, देविदासचा दोस्त.

"दिवाळीपस्तोर तुला बसणं झालं न्हाई तर गाडी मला दे. बाहेरच्याला नगं."

प्रेमानं म्हणाला. म्हणून जास्त लागलं.

चला

जेवण जमलं. भाकरी, मुगाचं वरण, मेथी. बायकोनं, सुभद्राबाईनं, त्याचा मोबाईल दिवेलागणीला ज्वारीच्या कोठीत टाकायला सुरुवात केली. झोपही हळूहळू वळणावर आली.

चालणं मात्र.

गाव भूकंपानंतर वसवलेलं. रस्ते रुंद, सरळ. या टोकाला निघालेला माणूस त्या टोकाला दिसतो. आणि गावात असं घर नाही ज्याला देविदासनं कधी जीपमध्ये जागा दिली नाही.

— मामा, पायी? गाडी कुठाय?

— घरी हाय. फिरायलोय.

— कुठं?

— कुठंच न्हाई.

— मग बसा मागं.

— न्हाई रे, डॉक्टरनं सांगितलंय...

— बारावीच्या पेपराला तुमीच नेलतं मला. बसा म्हणलं ना!

बसला. गतिरोधकावर मोटारसायकल उडाली आणि कळ टाळूला भिडली. उतरला, चार पावलं टाकली, तोवर दुसरी मोटारसायकल. मग चहा. नाही म्हणावं तर माणसं फुगतात. देविदास घरी आला तो मोटारसायकली बदलत, कंबर धरून.

"आवो, चालायला गेलताव का सोयऱ्याकडं?" सुभद्राबाई.

"सोडंनात गं लोक." तो भिंतीला टेकला. मग म्हणाला, "गुरुलिंगला निरोप दे. घेऊन जा म्हणावं गाडी."

सुभद्राबाईनं निरोप दिला नाही. शेजारच्या गंगम्माच्या दारातली शेळी सोडून आणली आणि दावं नवऱ्याच्या हातात दिलं.

"हे काय?"

"आता कोण बसवून घेतंय बघू."

थांबा

— डायवर, नवी गाडी काढली व्हय?

— ॲव्हरेज काय देती?

— पाल्यावर चालती, लेका.

— शिटा भरल्या का?

हसले सगळे. थांबवलं कुणीच नाही. माणसाला मागं बसवता येतं, शेळीसकट माणसाला कुठं बसवणार?

पहिल्या दिवशी देविदासनं दावं ओढलं. फेरी चुकायची असल्यासारखा चालत होता. शेळीनं पाय रोवले. बोरीपाशी थांबली, खाल्लं, निघाली. बाभळीपाशी थांबली. तोही थांबला. थांबला की कंबर सरळ करायचा, श्वास सोडायचा. असं करत गावाचं टोक आलं, आणि कळ अजून कमरेतच होती, पायात उतरली नव्हती.

"फुकटची राखण करायलाव," गंगम्मा म्हणाली. "चहा तरी घ्या."

"चहा नगं, गंगाक्का. उद्या परत द्या शेळी, एवढंच."

सरळ रेषेत बरं झालं नाही काही. एका लग्नात रात्रीचं मटण झालं, झोप गेली, दुसऱ्या दिवशी उठवेना. "आता?" असं स्वतःलाच विचारून तो आढ्याकडे बघत राहिला. ऊन कलल्यावर दावं घेऊन निघाला. थोडंच चाललं त्या दिवशी. पण निघाला.

उतरा

दिवाळी झाली. डॉक्टरीणबाईंनी वाकायला लावलं, बसायला लावलं, आणि गाडीला हो म्हणाल्या. पण वाटेत उतरत जा, पाय मोकळे करत जा.

पहिल्या फेरीला गुरुलिंग शेजारच्या सीटवर येऊन बसला. रस्त्याकडे कमी, देविदासच्या उजव्या पायाकडे जास्त बघत होता. औशाला जीप थांबली. देविदास दार न धरता उतरला, जीपभोवती चक्कर मारून आला.

"चला की! येष्टी गेली पुढं," मागून कुणीतरी ओरडलं.

"जाऊ द्या. येष्टीची कंबर लोखंडाची हाय."

लातूर आलं.

"दुखतंय?" गुरुलिंगनं विचारलं.

"हाय. पर थोडं. झोपू देतंय."

"म्हंजे गाडी न्हाई मिळत मला."

"न्हाई."

गुरुलिंगनं जोरात दार आपटलं. लागलं नाही. परत आपटलं. "मरू दे, असला खटारा कुणाला पायजे होता!" आणि मित्राच्या पाठीत गुद्दा घालायला उचललेला हात तसाच खाली घेऊन त्यानं हळूच खांद्यावर ठेवला. डोळे पुसले की घाम, ते देविदासनं बघितलं नाही.

परतीला ऊन उतरू लागलं. मागच्या जागा अजून रिकाम्या होत्या. देविदासनं स्टार्टर मारला.

"अरे, शिटा भरू दे की!" गुरुलिंग शेजारच्या सीटवरून ओरडला. "रिकामा चाललास?"

"उजेडात जेवायचंय," देविदास म्हणाला आणि जीप रस्त्याला घातली.